तीन बाटल्या, चाळीस सेकंद

बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.

नाखवा, वेळ लिहून आरंभ करण्याची सवय प्रयोगवहीची आहे. तीस वर्षे मुलांकडून तसे लिहवून घेतले. आता स्वतः ती मोडत नाही.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. उद्या सकाळी दहा वाजता शाळेत शोकसभा आहे. मुख्याध्यापिकाबाईंची चिठ्ठी परवा आली. 'दामलेसर, आपण नाखवासरांचे सर्वांत जुने सहकारी. चार शब्द लिहून आणावेत आणि सभेत वाचावेत. नंतर ते शाळेच्या अंकात घेऊ.' खाली आणखी तीन ओळी होत्या. 'तीन बाटल्या' हा तुमचा स्लाइड-कॅसेटचा संच शाळा आता व्हिडिओवर उतरवून घेणार आहे. त्यावर तुमचे नाव असेल. 'संचात उत्तर फार लवकर येते, एवढा एकच दोष सरांच्या हातून राहून गेला. तो कसा काढावा हे आपण सुचवावे.'

तो दोष तुमच्या हातून राहिलेला नाही. तो मी घातला. हे अकरा वर्षे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक होते, आणि शाळेत तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही. उद्या हा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणार आहे. म्हणून जसे घडले तसे लिहितो. तुमचा जन्म, शिक्षण आणि सेवेची वर्षे बाई सांगतील.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या कपाटात कसर शिरली आणि तीन बाटल्यांची लेबले खाऊन गेली. तिन्हींत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. एकीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, एकीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण, एकीत ऊर्ध्वपातित पाणी. कोणत्या बाटलीत काय, ते कळायला मार्ग नव्हता. निळ्या लिटमसची पुडी संपली होती. तांबड्याची एकच पट्टी खणात मिळाली. नवे साहित्य येण्यास अवकाश होता आणि वर्ग दुसऱ्या दिवशी भरणार होते.

मी तिन्ही बाटल्यांतला एकेक थेंब काचेवर घेतला. एका थेंबात पट्टी निळी झाली. सोड्याची बाटली कळली. उरल्या दोन. त्यांतली आम्लाची कोणती आणि पाण्याची कोणती, हे सांगायला निळा लिटमस हवा, आणि तो संपलेला. मी खणात पुन्हा शोधले. मग उभा राहिलो. मग ध्यानात आले की निळा लिटमस माझ्या हातातच आहे. सोड्याने निळी झालेली ती पट्टी मी दुसऱ्या थेंबाला लावली, ती पुन्हा तांबडी झाली. ती आम्लाची बाटली. उरलेली पाण्याची. तिन्हींवर नावे लिहिली.

वळून पाहिले तर तुम्ही दारात. चित्रकला शिक्षकाचे प्रयोगशाळेत काम काय, असे माझ्या चेहऱ्यावर आले असावे.

"टाचण्या मागायला आलेलो," तुम्ही म्हणालात.

"वरच्या फळीवर."

तुम्ही टाचण्या घेतल्यात आणि गेलात. किती वेळ दारात उभे होता, हे मी विचारले नाही.

आठवड्याने तुम्ही पुन्हा आलात.

"दामलेसर, त्या कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली द्या."

"कशाला?"

"आत एक यंत्र दोन वर्षं उपाशी बसलंय."

एका पालकांच्या कारखान्याने शाळेला जुना स्लाइड प्रोजेक्टर दिला होता. पर्यवेक्षक या नात्याने तो मी कुलपात ठेवला होता, कारण वापरला की वस्तू बिघडते.

"चित्रकलेला यंत्र लागत नाही," मी म्हणालो.

"रसायनाला लागतं."

"रसायनाला डोके लागते."

"मी दुसरं काय म्हणतोय, सर?"

किल्ली दिली. तुम्ही ती पुढे मला परत केली नाहीत.

तुमचे म्हणणे असे होते. एका तुकडीत अठ्ठावन्न मुले. मी टेबलावर प्रयोग करतो तो पहिल्या दोन बाकांना दिसतो. तिसऱ्या बाकापासून मागे माझी पाठ दिसते आणि वास येतो. मोठ्या पडद्यावर एकाच वेळी सर्वांना पट्टीचा रंग दिसला तर सर्वांना एकाच वेळी विचार करता येईल. माझे म्हणणे असे होते की ज्याच्या बोटाला आम्ल चाटले नाही त्याला आम्ल कळत नाही.

"मग काय, सगळ्या अठ्ठावन्न पोरांची बोटं जाळणार?" तुम्ही विचारलेत.

या वादाचा निकाल आपण लावला नाही. माझे मत आजही अर्धे तेच आहे. परंतु एक गोष्ट तेव्हाही मान्य होती. माझी मुले 'तांबडा लिटमस निळा करतो तो आम्लारी' हे झोपेत विचारले तरी सांगत. समोर तीन बाटल्या ठेवल्या की तीच मुले माझ्या तोंडाकडे पाहत. व्याख्या त्यांच्याकडे होती. तिचे करायचे काय, हे त्यांना मी शिकवले नव्हते.

स्लाइडसाठी पहिला रोल वाया गेला. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रांत तांबडा लिटमस चॉकलेटी दिसला आणि निळा हिरवट. एका रविवारी तुम्ही बाटल्या उचलून तुमच्या घरच्या उत्तरेच्या खिडकीत नेल्यात, मागे वहिनींचा पांढरा पलंगपोस ताणलात आणि प्रत्येक रंगासाठी ऊन सरकण्याची वाट पाहत बसलात. मी दोनदा घड्याळ पाहिले. तुम्ही एकदाही नाही. दुसऱ्या रोलमधून अठरा चित्रे निवडली. ती यंत्रात उलटी जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात तुम्ही वहिनींच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. त्या रविवारी मी प्रथमच कोपरीला तुमच्या घरी आलो होतो. अंगणात जाळे वाळत होते. मी बसायला संकोचतो आहे हे तुम्ही पाहिलेत.

"सर, चहा घ्या. चहात बोंबील नाहीत."

आतून वहिनी हसल्या. मी चहा घेतला. तो चांगला होता, हे तेव्हा म्हणायला हवे होते.

निवेदन माझ्या आवाजात होते, कारण विषय माझा. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत टेपरेकॉर्डर लावला. स्लाइड बदलायची वेळ झाली की तुम्ही काचेच्या कांडीने चंचुपात्रावर एक ठोका देत होता. त्या किणकिणाटावर पुढचे चित्र. अकराव्या चित्रापर्यंत सर्व सुरळीत झाले. अकराव्या चित्रात पट्टी निळी झालेली, दोन बाटल्या उरलेल्या, आणि माझे वाक्य: 'यांतली आम्लाची बाटली कोणती? तुमच्याकडे दुसरा कागद नाही.'

मी पुढचे वाक्य वाचायला सुरुवात केली. तुम्ही हात वर केलात आणि यंत्र थांबवलेत.

"इथं चाळीस सेकंद काही बोलायचं नाही, सर."

"चाळीस? पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस सेकंद कोरी फीत?"

"कोरी नाही. कोरी सोडली तर पोरांना वाटेल टेप बिघडला. खोलीतली शांतता भरायची."

"दहा पुरे आहेत."

"जाळं टाकलं की लगेच ओढायचं नसतं. आमच्याकडे हे पोरांना सांगावं लागत नाही."

"चाळीसच का? हा आकडा कोठून आणलात?"

तुम्ही कांडी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "त्या दिवशी टाचण्या न्यायला आलेलो. पट्टी हातात धरून तुम्ही उभे राहिलेलात. मी घड्याळ बघितलं. चाळीस सेकंद लागले तुम्हाला. मग पोरांना निदान तेवढे द्या की."

तुम्ही चेष्टेने म्हणाला नव्हता. हे मला तेव्हाही कळले होते. तरी तो आकडा मला खुपला. त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते आणि ते कोणी मोजले होते.

आपण शांतता भरली. भरायची म्हणजे दोघांनी न बोलता, न हलता, यंत्राकडे पाहत बसायचे. नंतर उरलेले निवेदन झाले. कॅसेट तुम्ही घरी नेलीत आणि दुसऱ्या दिवशी आणलीत. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन इवल्या टॅब असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. तुम्ही कंपासच्या टोकाने त्या मोडल्यात.

"आता हिला कोणाची भीती नाही. तुमचीसुद्धा."

मी हसलो नाही. आपल्यात हसण्याचे खाते तुमच्याकडे होते.

पहिला प्रयोग नववी 'ब'वर. खिडक्यांना काळे कागद. तुम्ही मागे यंत्रापाशी, मी पडद्याशेजारी. अकरावे चित्र आले, प्रश्न झाला आणि शांतता सुरू झाली. पहिले दहा सेकंद मुलांना वाटले पुढे काही येईल. मग कुजबुज. कोणीतरी खोकल्याची नक्कल केली, हशा झाला. मी खडू उचलला. तुम्ही मागून मान हलवलीत. मी खडू खाली ठेवला. मग हशा आपोआप विरला आणि मुले पडद्याकडे पाहू लागली. खरोखर पाहू लागली. हा फरक शिक्षकाला अंधारातही कळतो.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधली. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीखेरीज ऐकला नव्हता. ती एकदम म्हणाली, "सर, तो कागद फेकू नका!"

तिने पडद्याकडे बोट केले.

"तो आता निळा आहे ना? मग तोच वापरा."

मी म्हणालो, "हात वर करून बोल."

तिने हात वर केला. पण तोवर कांडीचा ठोका पडला होता आणि बारावे चित्र आले होते. त्यात तीच निळी पट्टी दुसऱ्या थेंबावर होती. सबंध वर्ग तिच्याकडे वळून पाहत होता. त्या मुलीचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. मी तिला शाबासकी दिली नाही. तास संपल्यावर तुम्ही दिलीत, हे मी जिन्यावरून ऐकले.

पुढची गोष्ट माझी आहे.

डिसेंबरात तपासणी झाली. आलेल्या अधिकाऱ्यांना मी हौसेने 'तीन बाटल्या' दाखवायला घेतले. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता, यंत्र मीच चालवले. शांतता सुरू झाली. पंधराव्या सेकंदाला अधिकारी खुर्चीतून उठले, टेपरेकॉर्डरपाशी गेले आणि एक बटण दाबून म्हणाले, "अडकला वाटतं तुमचा टेप."

मुले हसली. अधिकारीही हसले. "नाही, हा विचारासाठी दिलेला वेळ आहे" एवढे एक वाक्य मला बोलायचे होते. मी ते बोललो नाही. मी म्हणालो, "जुना आहे."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एकटाच प्रयोगशाळेत बसलो. कॅसेटच्या मोडलेल्या टॅबच्या जागी चिकटपट्टी लावली. तशी ती लावली की यंत्र फसते आणि पुन्हा भरू देते. चाळीस सेकंदांच्या जागी माझा आवाज भरला: 'निळा झालेला हाच कागद आता दुसऱ्या थेंबाला लावा. तो पुन्हा तांबडा झाला, तर ती आम्लाची बाटली.' सावकाश, दोनदा वाचले, म्हणजे जागा भरेल. चिकटपट्टी काढली. कॅसेट डबीत ठेवली.

तुम्हाला सांगायचे होते. दुसऱ्या दिवशी सांगायचे होते. मग चाचणीचे निकाल आले, मग स्नेहसंमेलन आले. माणूस स्वतःला अशी कारणे पुरवतो. शाळेच्या वेळेचा आणि शिस्तीचा विचार करून बदल केला, असे मी स्वतःला सांगत होतो. आज लिहितो की त्यात तो विचार थोडा होता. अधिक होता तो आकडा. फितीवर दर वेळी माझेच चाळीस सेकंद वाजत होते, आणि ते मला ऐकवत नव्हते.

जानेवारीत कल्याणच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. संच तुम्हीच बांधून नेलात. कॅसेट पुन्हा ऐकून पाहण्याचे तुम्हाला कारण नव्हते. टॅब तुम्हीच मोडल्या होत्या. मी बरोबर होतो. सकाळपासून दुपारपर्यंत सहा तास माझ्याजवळ होते.

परीक्षक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी दहा चित्रे लक्ष देऊन पाहिली. अकरावे आले तेव्हा ते पुढे झुकले. प्रश्न झाला. तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तुम्हाला शांतता अपेक्षित होती. माझा आवाज आला.

प्राध्यापक मागे टेकले.

"अहो, प्रश्न विचारता आणि श्वास घ्यायच्या आत उत्तर सांगता? मग मुलांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

भोवती उभे असलेले शिक्षक हसले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. एकदाच. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. तुम्हाला फक्त कळले होते.

"फीत कोणी तयार केली?" प्राध्यापकांनी विचारले.

माझ्या हातात प्रोजेक्टरची वायर होती. ती मी गुंडाळत होतो. गुंडाळायची गरज नव्हती, संच अजून चालू होता.

"मी," तुम्ही म्हणालात. "चुकलं, सर. पुढच्या वेळी सुधारू."

संच पुढच्या फेरीसाठी निवडला गेला नाही. परत येताना कल्याण स्टेशनबाहेर आपण चहा प्यायलो. मी वाट पाहत होतो की तुम्ही विचाराल. तुम्ही विचारले असतेत तर मी सांगितले असते, असे मला वाटते. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "चौदावी स्लाइड जरा तिरकी बसलेली, नाही?"

मी म्हणालो, "होय."

नाखवा, अकरा वर्षांत या विषयावर आपल्यात झालेले संभाषण एवढेच.

त्यानंतर तुम्ही दुसरा संच केला नाहीत. सहा संचांची यादी तुमच्या वहीत होती. क्षार, वायू, गंजणे, बाकीचे आता आठवत नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणालात, "वेळ नाही होत, सर." तुम्हाला उन्हाच्या सरकण्याची वाट पाहायला वेळ होता, हे मला ठाऊक होते. त्या वर्षापासून तुम्ही चित्रकलेच्या तासाला वस्तुचित्रासाठी लेबल नसलेल्या तीन बाटल्या मांडू लागलात. मुले विचारत, "सर, आत काय आहे?" तुम्ही म्हणत, "बघा, काय करून कळेल ते." हे मी वऱ्हांड्यातून जाताना ऐकत असे. माझ्या पिढीच्या माणसाला टोमणा ओळखता येतो. तो टोमणा होता की नव्हता, हे मात्र मी ठरवू शकलो नाही.

शाळेत टीव्ही आणि व्हीसीआर आला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मोठी चर्चा झाली. आता फळा जाणार, असे तरुण शिक्षक म्हणत होते. माझा विरोध होता. तुमचा पाठिंबा असेल असे सर्वांना वाटले. तुम्ही म्हणालात, "यंत्राला थांबायचं बटण असतं. ते दाबणारा माणूस पाहिजे." सर्वांना तो विनोद वाटला. मी चष्मा पुसला.

आणि शाळेची ती कॅसेट दर वर्षी नववीला वाजत राहिली. माझ्या निवृत्तीपर्यंत मी ती वाजवली, नंतर इतरांनी. प्रश्न, आणि लगेच माझा आवाज. मुले उत्तर वहीत उतरवून घेत. परीक्षेत ते बरोबर येई. 'तो कागद फेकू नका' असे पुन्हा कोणी म्हणाले नाही. म्हणायला जागाच नव्हती.

आज सकाळी मी कोपरीला तुमच्या घरी गेलो होतो. समाचाराला आधीच जायला हवे होते. वहिनींनी चहा केला. चांगला झाला आहे, असे या वेळी मी म्हणालो. त्या जरा चमकल्या.

मग आतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. "सर, हे तुमचं. ते सांगून गेलेले."

डब्यात अठरा स्लाइड होत्या, कोपऱ्यांत नेलपॉलिशचे ठिपके. या तुम्ही शाळेच्या संचाबरोबर केलेल्या दुसऱ्या प्रती असणार. आणि एक कॅसेट. तुमच्या अक्षरात वर एकच शब्द: 'मूळ'.

मूळ प्रत निराळी आहे आणि शाळेत होती ती नक्कल होती, हे मला आज कळले. टॅब तुम्ही नकलेच्या मोडल्या होत्या. म्हणजे कल्याणहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन यंत्रे आणि एक वायर घेऊन, तुम्ही शाळेची कॅसेट पूर्ववत करू शकला असता. केली नाहीत.

"केव्हा सांगितले त्यांनी?" मी विचारले.

"केव्हा म्हणजे? कायमच सांगायचे. दामलेसर मागायला येतील, तेव्हा द्यायची."

"आणि मी आलो नाही तर?"

वहिनींनी पदराने डब्याचे झाकण पुसले. "मी पण म्हणायचे हो, की इतकी वर्षं झाली, तुम्हीच नेऊन द्या की एकदाची. तर म्हणायचे, थांब गं. सरांचे चाळीस सेकंद अजून व्हायचेत." मग त्यांनी विचारले, "म्हणजे काय ओ, सर? मला कधी उमगलं नाही ते."

मी त्यांना सर्व सांगितले. हे कोणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, "तुम्ही दोघं पण ना..." आणि कप उचलून आत गेल्या.

तीन वाजून वीस मिनिटांनी लेखन थांबवले होते. आता चार वाजून पाच मिनिटे.

मधल्या वेळात सुनेच्या दोन कॅसेटींच्या टेपरेकॉर्डरवर मूळ प्रतीची नवी नक्कल करून घेतली. नक्कल होताना ऐकली. अकराव्या चित्राशी शांतता आली. ती कोरी नाही. तुम्ही म्हणाला होता तशी ती भरलेली आहे. प्रयोगशाळेचा नळ ठिबकतो. लांब कुठल्या तरी कारखान्याचा भोंगा होतो. विसाव्या सेकंदाच्या सुमारास कोणीतरी घसा खाकरतो. तो मी. अधीर झालो की मी तसा खाकरतो, हे घरचे सांगतात. आणि त्यावर लगेच, अगदी हलक्या आवाजात, कोणीतरी 'श्श' करते.

पर्यवेक्षकाला गप्प करण्याची हिंमत शाळेत कोणाला नव्हती. तुम्ही केली होती आणि मी विसरलो होतो. फितीवर आहे.

त्यानंतरचे वीस सेकंद मी तेव्हा बोललो नव्हतो. आजही बोललो नाही. टेपजवळ बसलो होतो. सुनेने दारातून विचारले, "बाबा, बंद पडला का टेप?" मी हाताने थांबायला सांगितले. ती थांबली. मग ठोका पडला.

मूळ प्रतीच्या टॅब तुम्ही मोडल्या नाहीत, याचा मी बराच विचार केला. तुम्ही विसरणारे नव्हता. दुरुस्तीला जागा ठेवली असेल. वाद अजून चालू आहे असे मानत असाल. की ते काम माझ्यासाठी ठेवलेत, हे आता कोणाला विचारू? चित्राने रसायन शिकवता येते की नाही, यावर माझे उत्तर अजून तयार नाही. चाळीस सेकंदांवर आहे. ते तुमचे बरोबर होते. दहा पुरे नव्हते.

क्षमा हा शब्द आपल्या संभाषणात कधी आला नाही. इथेही तो घालून तुम्हाला अवघडवत नाही. तुमच्या नावावर अकरा वर्षे राहिलेली चूक उद्या दहा वाजता माझ्या नावावर घेतो आहे. मुख्याध्यापिकाबाईंना उत्तर लिहिले: 'संचात दोष नाही. शाळेकडील कॅसेट वापरू नये. सोबतची वापरावी. अकराव्या चित्राशी आवाज बंद होतो, तो बिघाड नाही. त्या वेळी कोणीही यंत्राला हात लावू नये.' खाली पूर्ण सही केली.

ते पत्र आणि नवी नक्कल एका पाकिटात घातली. मग नक्कल पुन्हा बाहेर काढली, मूळ प्रतही डब्यातून काढली, नातवाच्या कंपासपेटीतला कर्कटक घेतला आणि त्याच्या टोकाने दोन्ही कॅसेटींच्या चारही टॅब मोडल्या. तुकडे केरात टाकले. चिकटपट्टीचे रीळ टेबलाच्या खणात होते, ते उचलून सुनेकडे स्वयंपाकघरात दिले.